फ्रीस्टाइलमध्ये ५० मीटरनंतर धाप का लागते? आधी काय दुरुस्त करू?

शांतजल

नमस्कार. वय ४४. ब्रेस्टस्ट्रोक मी तासभर न थांबता पोहतो, आठवड्यातून तीन दिवस पाच-पाच किलोमीटर पळतो. तरीही फ्रीस्टाइलला लागलो की दुसऱ्या खेपेच्या शेवटी छाती भरून येते आणि काठ धरावा लागतो. तलाव २५ मीटरचा आहे, म्हणजे ५० मीटरला मी संपतो. दीड वर्ष झालं, यात तसूभरही फरक नाही. दम कमी पडतोय असं समजून पळणं वाढवलं. पळण्याची वेळ सुधारली, पोहणं होतं तिथेच राहिलं.

‘पाय वर ठेव’, ‘हात लांब टाक’, ‘डोकं खाली घाल’ हे शेजारच्या लेनमधल्यांनी सांगून झालंय. प्रत्येकाचं बरोबरच असेल, पण पाण्यात गेल्यावर सहा गोष्टी एकदम लक्षात राहत नाहीत.

गेल्या आठवड्यात भाचीने पाण्यात चालणाऱ्या कॅमेऱ्याने बाजूने आणि समोरून व्हिडिओ काढला. तो थांबवून थांबवून पाहिला. नजर समोरच्या भिंतीवर आहे. कंबर खाली, गुडघे त्याहून खाली, पायाचे अंगठे तर दीड-दोन फूट खोल. उजवीकडे श्वास घेतो तेव्हा पुढे असलेला डावा हात कोपरात न वाकता सरळ खाली दाबला जातो. समोरून पाहिलं तर दोन्ही हात पाण्यात शिरताना डोक्याची मधली रेघ ओलांडून पलीकडे जातात. २५ मीटरला २८ हात आणि ३८ सेकंद.

यातलं आधी काय धरू आणि नंतर काय? मला क्रम हवा आहे.

काठावरून

शांतजल, फार नेमकं लिहिलंत. बावीस वर्षं शिकवतोय, त्यातली शेवटची बारा-तेरा वर्षं बहुतेक मोठ्या माणसांनाच. तुमच्यासारखी पळणारी, सायकल चालवणारी, ठणठणीत माणसं ५० मीटरला गळपटताना रोज बघतो. तासभर ब्रेस्टस्ट्रोक पोहणाऱ्याच्या हृदयात आणि फुप्फुसांत काहीही कमी नाही. तेव्हा दम वाढवण्याचा नाद आधी सोडा.

क्रम सांगण्याआधी एक पाहून सांगा. व्हिडिओत तोंडातून-नाकातून बुडबुडे नक्की कधी बाहेर पडताना दिसतात? चेहरा पाण्यात असताना सगळा वेळ, की मान वळायला लागल्यावर?

शांतजल

आत्ताच पुन्हा पाहिलं. चेहरा पाण्यात असताना काहीच नाही. मान वळायला लागली की शेवटच्या क्षणी भसकन एक मोठा लोट बाहेर येतो. सगळ्या श्वासांना तसंच आहे.

काठावरून

मग तुमची पायरी क्रमांक एक तीच. पाय, हात, मधली रेघ, सगळं बाजूला ठेवा.

तोंड पाण्याबाहेर असतं तो वेळ जेमतेम अर्धा सेकंद. तेवढ्यात तुम्हाला आतली हवा बाहेर टाकायची आहे आणि नवी आत घ्यायची आहे. दोन्ही होत नाही. मग थोडीच बाहेर जाते, थोडीच आत येते, आणि प्रत्येक श्वासागणिक आत शिळी हवा साचत जाते. आपल्याला जी घुसमट जाणवते ती प्रामुख्याने कार्बन डायऑक्साइड वाढल्याची. प्राणवायू शिल्लक असतो, पण मेंदू ‘श्वास सोड, श्वास सोड’ म्हणून ओरडत असतो. पळताना तुम्ही श्वासाचा विचारही करत नाही, आत-बाहेर आपोआप चालू असतं. पाण्यात चेहरा गेला की शरीर श्वास रोखून धरतं. हा उपजत बचाव आहे, तो सरावानेच सुटतो.

उपाय साधा आहे. गुणगुणा. चेहरा पाण्यात गेला की ‘म्म्म्म’ असा आवाज काढत राहा. गुणगुणताना श्वास रोखता येत नाही, हवा नाकातून एकसारखी बारीक धारेने जात राहते. जोर लावून फुप्फुसं रिकामी करू नका. छातीतली हवा हाच आपला तराफा आहे, ती पूर्ण काढलीत तर छातीही खाली जाईल. संथ धार, आणि मान वळताना शेवटी थोडा जोर.

आधी काठाशी करा. एक हात काठावर, दुसरा मांडीला, शरीर आडवं, चेहरा पाण्यात. गुणगुणा. मग मान वळवा, उचलायची नाही. खालचा कान आणि खालच्या बाजूचा गॉगल पाण्यातच राहिला पाहिजे. एक घोट हवा घ्या आणि परत चेहरा पाण्यात. असे पंधरा श्वास, दोन्ही बाजूंनी. तुम्हाला हे बालवर्गातलं वाटेल, पण पंधरा दिवस प्रत्येक वेळी सुरुवातीची दहा मिनिटं याला द्या.

पोहताना एक मदत आपोआप मिळते. डोकं पुढे सरकतं तशी त्याच्यासमोर एक छोटी लाट उठते आणि गालापाशी पाण्यात खळगा पडतो. तोंड त्या खळग्यात उघडायचं. तिथे हवा पाण्याच्या पातळीच्याही खाली मिळते. पण डोकं उचललंत की तो खळगा बिघडतो आणि नाकातोंडात पाणी जातं, मग माणूस पुढच्या वेळी आणखी वर उचलतो.

पहाटपाखरू

काठावरून सरांना शंभर टक्के अनुमोदन. माझी गोष्ट अगदी हीच होती, फक्त मी चुकीच्या जागी उपाय शोधला. पाय बुडतात तर पाय जोरात मारायचे, असं समजून किकबोर्ड (हातात धरायची तरंगती फळी) धरून महिनाभर नुसते पाय मारले. मांड्यांचे स्नायू शरीरातले सगळ्यांत मोठे, ते प्राणवायू गटागटा पितात. मी ३० मीटरलाच दमायला लागले!

मग एका मैत्रिणीने मांड्यांमध्ये पुल बॉय (पाय तरंगत ठेवणारा फोमचा ठोकळा) धरून पोहायला लावलं. पाय अजिबात मारले नाहीत तरी वेळ प्रत्येक २५ मीटरला चार सेकंदांनी कमी आली. तेव्हा कळलं की माझे हात बरे आहेत, मी फक्त तिरकी पोहते आहे. शांतजल, हे करून बघा. वेळ मोजा. पुल बॉय लावून वेग वाढला तर दोष शरीराच्या रेषेत.

अभ्यासू_मासा

पाय का बुडतात याचं साधं यंत्रशास्त्र आहे. पाणी माणसाला वर उचलतं त्या बलाचा मध्य छातीच्या बाजूला असतो, कारण हवा तिथे आहे. वजनाचा मध्य मात्र खाली, ओटीपोटाच्या आसपास. एक बल वर, दुसरं खाली, आणि दोन्ही एका रेषेत नाहीत, म्हणून शरीर तराजूसारखं फिरतं आणि जड पाय खाली जातात. याचा तोल साधायचा तर वजन पुढे सरकवायचं. एक हात कायम डोक्यापुढे ठेवणं हा एक मार्ग, आणि डोकं पाण्यात सैल सोडणं हा दुसरा. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं असतं. ते पाण्यावर उचलून धरलं की तेवढा भार पाणी तोलत नाही, तो कुठेतरी खाली दाबला जातो, आणि दाबले जातात ते पाय.

आता याची किंमत बघा. पाणी हवेच्या सुमारे ८०० पट दाट. पाण्याचा विरोध साधारण वेगाच्या वर्गाने वाढतो आणि लागणारी शक्ती घनाने. म्हणजे १० टक्के वेग वाढवायला सुमारे ३३ टक्के जास्त शक्ती हवी. पळताना मेहनत वाढवली की वेग त्या मानाने वाढतो. पाण्यात मेहनतीने फार थोडं मिळतं. शरीर सरळ करून विरोध कमी केला तर तोच वेग कमी शक्तीत मिळतो. पोहण्यात तंत्राला एवढं महत्त्व आहे ते यामुळेच.

लांबपल्ला

मी मोकळ्या पाण्यात तीन ते पाच किलोमीटर पोहतो. एका गोष्टीवर सावध करावंसं वाटतं. २५ मीटरला २८ हात म्हटल्यावर आता कुणीतरी सांगणार, ‘हात पुढे टाकून घसरत राहा, १८ वर आण’. मी हे वर्षभर केलं. हात पुढे लांबवून थांबायचो, आकडा खाली आला, आणि पोहणं मेलं. पुढे थांबलात की वेग पडतो, आणि प्रत्येक हाताला तो नव्याने उभा करावा लागतो. गाडी प्रत्येक चौकात थांबवून पुन्हा पहिल्या गिअरमध्ये टाकण्यासारखं आहे.

जॅनेट इव्हान्स आठवा. छोटी चण, सरळ हात पवनचक्कीसारखे फिरवणारी, हातांचा आकडा भरपूर. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये तिने तीन सुवर्णपदकं घेतली आणि १९८९ मध्ये ८०० मीटरला ८ मिनिटं १६.२२ सेकंदांचा जो विश्वविक्रम केला तो २००८ पर्यंत टिकला. तिला कुणी हात मोजायला लावले असते तर?

काठावरून

लांबपल्ला, घसरण्याबद्दलचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. ‘हात पुढे लांबवा’ हे मी सांगतो, ‘पुढे थांबा’ हे कधीच सांगत नाही. पण इव्हान्सच्या उलट अलेक्झांडर पोपोव्ह ठेवा. उंच, लांब हात, पाण्यावर पडून राहिल्यासारखा शांत, आणि १९९२ व १९९६ दोन्ही ऑलिंपिकमध्ये ५० आणि १०० मीटरची सुवर्णपदकं. दोघांची लय वेगळी, कारण शरीरं वेगळी आणि अंतरं वेगळी. दोघांत सारखं काय होतं ते मी शिकवतो. दोघांचं शरीर पाण्यात सरळ रेषेत होतं आणि दोघांचा हात पाण्यात रिकामा जात नव्हता.

शांतजलचे २८ हात जास्त आहेत ते हात भराभर फिरतात म्हणून नव्हे. हिशोब करा, ३८ सेकंदांत २८ म्हणजे मिनिटाला ४४ हात. ही लय संथच आहे. हात संथ असूनही आकडा मोठा, याचा अर्थ प्रत्येक हात पाणी न पकडता निसटतो आहे. तेव्हा आकडा आपण फक्त बघायचा, त्याच्यामागे लागायचं नाही.

शांतजल, तुम्ही पळता म्हणून आणखी एक. जमिनीवर उभे राहून पायाचा पंजा बॅले नर्तकीसारखा खाली ताणून बघा, नडगीच्या रेषेत येतो का? बहुतेक धावपटूंचे घोटे ताठ असतात. ताठ घोट्याने पाय मारला तर पंजा वल्ह्यासारखा मागे न ढकलता ब्रेकसारखा उभा राहतो. रोज दोन-तीन मिनिटं वज्रासनात बसा, गुडघे दुखत नसतील तरच. पाय मारायचा तो कमरेपासून, गुडघा सैल, अंगठे एकमेकांना चाटून जातील इतके जवळ. लांब अंतरासाठी प्रत्येक हाताला एक पाय पुरतो, तो शरीर फिरवायला मदत करतो. ढकलण्याचं काम हातांचं.

नवाभिडू

मध्येच विचारतो. श्वास रोखण्याची क्षमता वाढावी म्हणून मी एकट्याने २५ मीटर पाण्याखालून, श्वास न घेता जाण्याचा सराव सुरू केलाय. आधी आठ-दहा खोल श्वास भराभर घेतो, मग बुडी मारतो. याने फ्रीस्टाइलला फायदा होईल ना?

काठावरून

कृपया आजपासून बंद करा. हे मी अतिशय गंभीरपणे लिहितोय.

वर लिहिलं तसं, घुसमटीची घंटा वाजते ती कार्बन डायऑक्साइड वाढल्यावर. भराभर खोल श्वास घेऊन तुम्ही तोच आधी कमी करून टाकता. प्राणवायू त्याने फारसा वाढत नाही. मग बुडी मारल्यावर प्राणवायू संपत येतो तरी घंटा वाजतच नाही, आणि माणूस कसलीही सूचना न मिळता पाण्याखाली बेशुद्ध होतो. अगदी पट्टीचे पोहणारे, उथळ तलावात, असे गेले आहेत. काठावर कुणी असलं तरी त्याला वाटतं हा सराव करतोय. एकट्याने तर कधीच नाही, आणि भराभर श्वास घेऊन तर कुणाबरोबरही नाही.

फ्रीस्टाइलला श्वास रोखण्याची गरजच नाही. उलट तो सोडायला शिकायचं आहे.

नवाभिडू

सर, बंद केलं. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. मनापासून आभार.

अस्थिबंध

मी फिजिओथेरपिस्ट आहे, खांदे दुखणारे पोहणारे माझ्याकडे बरेच येतात. शांतजलच्या व्हिडिओतली मला सगळ्यांत काळजीची वाटलेली गोष्ट म्हणजे मधली रेघ ओलांडणारे हात. हात डोक्यापलीकडे आत वळून पाण्यात शिरला की खांद्याच्या पुढच्या भागात, हाडाच्या छपराखाली, स्नायूंचे दोरे चिमटले जातात. एकदा-दोनदा काही होत नाही. पण किलोमीटरभर पोहलात तर हजारभर वेळा तोच चिमटा.

आधी अंगठा पाण्यात घालायचा, तळहात बाहेर वळलेला, असं पूर्वी सर्रास शिकवत. त्यानेही खांदा आत पिळतो. बोटांची टोकं आधी, तळहात तळाकडे, मनगट कोपरापेक्षा खाली, आणि हात खांद्याच्या रेषेत समोर. घड्याळात बघायचं तर डावा हात अकराला आणि उजवा एकला शिरतोय असं वाटू द्या. जे बारावर जाताहेत त्यांना हे फार रुंद वाटेल, प्रत्यक्षात ते खांद्यासमोर येतं.

खांद्याच्या पुढच्या बाजूला टोचल्यासारखं दुखत असेल तर त्या दिवशी पोहणं थांबवा. स्नायू थकल्याचं दुखणं पसरट असतं, सांध्याचं दुखणं बोट ठेवून दाखवता येतं. आणि हाताला पॅडल (तळहातावर बांधायची प्लास्टिकची चपटी पट्टी) बांधण्याची घाई नको. चुकीचा हात पॅडलने फक्त जास्त जोरात चुकतो.

शांतजल

तीन आठवडे झाले, म्हणून लिहितोय.

पहिले दोन आठवडे फक्त गुणगुणणं. पहिल्या दिवशी काठाशी पंधरा श्वास घेताना लक्षात आलं की मी जबडा आवळून धरतो. दात दुखेपर्यंत. ते मला दीड वर्षात माहीत नव्हतं. जबडा सैल सोडला तेव्हा नाकातून बुडबुड्यांची बारीक माळ निघाली, गालावरून कानामागे जाताना तिची गुदगुली झाली, आणि मान आपोआप खाली गेली. तळाची काळी पट्टी प्रथमच डोळ्यांच्या बरोबर खाली दिसली. एरवी ती नेहमी पुढे दिसायची.

पुल बॉय लावून मोजलं. ३८ चे ३३ सेकंद! म्हणजे पहाटपाखरू ताईंचं निदान मलाही लागू.

दहाव्या दिवशी १०० मीटर न थांबता झालं. संथ, पण धाप नाही. चौथ्या खेपेला भिंतीशी आलो तेव्हा थांबायचं कारणच सापडेना, फक्त विश्वास बसत नव्हता म्हणून थांबलो. घरी सांगितलं तर कुणाला त्यात काय विशेष ते कळलं नाही, इथे कळेल.

अडचण आता हाताची आहे. ‘पाणी पकडा’ म्हणजे नेमकं काय? मी हात मागे ओढतो, पण हाताला काही लागतच नाही.

काठावरून

अभिनंदन. जबड्याचं निरीक्षण मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार आहे.

आता पकड. तलावातून शिडी न वापरता काठावर चढता ना? तेव्हा काय करता ते आठवा. दोन्ही तळहात काठावर ठेवता, मग कोपरं वर आणि बाहेर येतात, हाताच्या पंजांवर भार पडतो आणि शरीर वर सरकतं. कोपर आधी खाली पाडून कुणालाही चढता येत नाही. फ्रीस्टाइलमधला हात तोच, फक्त काठाऐवजी पाणी आहे आणि शरीर वर जाण्याऐवजी पुढे जातं. हात पुढे लांबल्यावर आधी बोटांची टोकं खाली झुकतात, मग मनगट, मग कोपरापासून पुढचा हात, आणि कोपर मात्र पृष्ठभागाजवळच राहतं. पंजा आणि पुढचा हात मिळून एकच रुंद वल्हं होतं, तळाकडे सरळ उभं. मग ते मागे न्यायचं.

तुम्ही सरळ हात खाली दाबता तेव्हा पाणी खाली ढकललं जातं, छाती वर उचलली जाते आणि पाय पुन्हा बुडतात. म्हणजे ज्या पायांसाठी तुम्ही तीन आठवडे खपलात ते हा हात एका क्षणात खाली घालवतो.

हाताला पाणी ‘लागत’ नाही, त्याला माझ्याकडे मुठीचा सराव आहे. दोन्ही हातांच्या मुठी वळून २५ मीटर पोहा. पंजा गेल्यामुळे पहिल्या दहा मीटरला हात नुसते पाण्यातून सुटतील, चिडचिड होईल. मग नाइलाजाने पुढच्या हाताने पाणी ढकलायला लागाल. कोपर उंच ठेवल्याशिवाय ते जमतच नाही, म्हणून शरीर स्वतःच कोपर वर नेतं. भिंतीशी पोचलात की लगेच मुठी उघडून परतीचे २५ मीटर पोहा. त्या पहिल्या दोन-तीन हातांत जे जाणवेल ती पकड. ती वीस-तीस सेकंदांत पुसट होते, म्हणून एक खेप मुठीने, एक उघड्या हाताने, असं आठ वेळा.

बोटं घट्ट जुळवू नका, ताणून फाकवूही नका. सैल, मध्ये पेन्सिलीची शीस जाईल इतकी फट चालते.

लांबपल्ला

आम्हाला हात पाण्याखाली नागमोडी न्यायला शिकवलं होतं, इंग्रजी एस अक्षरासारखा. आता ते चूक मानतात का?

अभ्यासू_मासा

त्यामागे मोठा माणूस होता. इंडियाना विद्यापीठाचे प्रशिक्षक जेम्स काउन्सिलमन. १९७२ ला म्युनिकमध्ये सात सुवर्णपदकं घेणारा मार्क स्पिट्झ त्यांच्या हाताखाली तयार झाला. काउन्सिलमननी पोहणाऱ्यांचं पाण्याखालून चित्रीकरण केलं, त्यात हात वळणावळणाने जाताना दिसले, आणि त्यांनी त्याचं स्पष्टीकरण विमानाच्या पंखासारख्या उचलीने दिलं. पुढच्या अभ्यासांत असं दिसलं की फ्रीस्टाइलमधला बराचसा ढकला पाणी सरळ मागे रेटण्यातूनच मिळतो. शरीर कुशीवर फिरतं त्यामुळे हाताला थोडं वळण येतंच, ते मुद्दाम काढावं लागत नाही. (हेच काउन्सिलमन १९७९ मध्ये, वयाच्या ५८ व्या वर्षी, इंग्लिश खाडी पोहून गेले. ४४ हे वय काहीच नाही, शांतजल.)

पहाटपाखरू

श्वास एकाच बाजूने घ्यावा की दोन्ही? मी कायम उजवीकडेच घेते आणि मोकळ्या पाण्यात डावीकडे भरकटते.

काठावरून

सरावात दोन्ही, शर्यतीत ज्याने तुम्हाला पुरेशी हवा मिळते ते. दर तीन हातांनी श्वास घेतला की दोन्ही बाजू समान फिरतात आणि एकीकडचा दोष दुसरीकडे उघडा पडतो, म्हणून तो शिकण्यासाठी चांगला. पण लांब अंतराला दर तिसऱ्या हाताला हवा पुरत नसेल तर दर दुसऱ्याला घ्या, त्यात कमीपणा नाही. अमेरिकेची ऑलिंपिक विजेती केटी लेडेकी बहुतेक वेळ एकाच बाजूने श्वास घेते, आणि २०१८ मध्ये तिने १५०० मीटर १५ मिनिटं २०.४८ सेकंदांत पोहून दाखवले. तुमच्यासाठी मी एक खेप उजवीकडे, परतीची डावीकडे असं ठेवीन. डावीकडे भरकटता याचा अर्थ श्वास घेताना एक हात आडवा जात असणार, ते समोरून व्हिडिओ काढून बघा.

शांतजल

दहा आठवडे पूर्ण झाले.

मुठीच्या सरावाबद्दल आधी. पाचव्या की सहाव्या दिवशी, मुठी उघडल्यावर, पहिल्याच हाताला पाणी घट्ट लागलं. पुढच्या हाताच्या आतल्या बाजूला, मनगटापासून कोपरापर्यंत, दाब स्पष्ट जाणवला आणि शरीर त्या हातावरून पुढे सरकलं. हात जागेवरच रोवल्यासारखा, मी पुढे. आधी नेहमी उलट असायचं, मी जागेवर आणि हात मागे. त्या दिवशी ठरलेला सराव सोडून मी नुसता तो एक हात पुन्हा पुन्हा मारत राहिलो.

काल वेळ लावून पोहलो. ४०० मीटर १० मिनिटं १२ सेकंद, न थांबता. वीस मिनिटं विश्रांतीनंतर २०० मीटर ४ मिनिटं ५४ सेकंद. २५ मीटरला २२ हात. घोटे अजून ताठ आहेत, पण वज्रासनात आता पाच मिनिटं बसता येतं.

जुना आकडा काढून पाहिला तर ३८ सेकंदांच्या वेगाने १०० मीटरला २ मिनिटं ३२ सेकंद येतात. कालच्या ४०० चा सरासरी वेग १०० मीटरला २ मिनिटं ३३. म्हणजे ज्या वेगाने मी ५० मीटरला कोसळत होतो, जवळपास त्याच वेगाने ४०० पोहलो.

दोन गोष्टी राहिल्यात. उजवीकडे श्वास घेताना डावा हात अजूनही थोडा खाली पडतो. आणि शेवटचे १०० मीटर दर वेळी हात आत यायला लागतात, बारावर.

काठावरून

फार आनंद झाला. आता या दोन आकड्यांतून सरावाचा वेग काढू. ४०० चे ६१२ सेकंद, त्यातून २०० चे २९४ वजा केले की ३१८ सेकंद राहतात, ते उरलेल्या २०० मीटरचे. म्हणजे १०० मीटरला २ मिनिटं ३९ सेकंद. हा तुमचा बराच वेळ टिकणारा वेग. आठवड्यातून एकदा या वेगाने आठ वेळा १००, मध्ये वीस सेकंद विश्रांती. पहिल्या दोनला फार सोपं वाटेल, तरी वेग वाढवू नका. सातव्या-आठव्याला हात बारावर येतात का ते बघायचं आहे. आले तर संख्या सहावर आणा, बिघडलेला हात घोटायचा नाही.

डाव्या हातासाठी: उजव्या हाताने नेहमीसारखं पोहा, डावा पुढे लांब ठेवा, आणि उजवीकडे श्वास घेताना डावा पंजा पाण्याच्या तीन-चार इंच खाली, बोटं किंचित झुकलेली, तिथेच थांबतो का ते पाहा. थांबू द्यायचं ते फक्त या सरावात, पोहताना नाही (लांबपल्ला, तुमच्यासाठी लिहिलं). सोबत पायात छोट्या फिन्स (रबरी पंख) घाला म्हणजे पायांची काळजी राहणार नाही. २५ मीटरच्या सहा खेपा.

तीन आठवड्यांनी पुन्हा समोरून व्हिडिओ काढून घ्या, शेवटच्या १०० मीटरचा. सुरुवातीचे हात सगळ्यांचेच छान दिसतात.

शांतजल

भाचीला आत्ताच निरोप धाडला. येत्या रविवारनंतर तीन आठवड्यांनी ती येतेय, कॅमेरा घेऊन.